जुन्या कन्सोलचे पहिल्या दिवसाचे गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाँच यादी म्हणजे नेमके काय?

एखादा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, एखाद्या देशात ज्या दिवशी अधिकृतपणे विक्रीस आला, त्या दिवशी त्याच्यासोबत दुकानात जे गेम विकत मिळत होते, त्यांची यादी म्हणजे त्या देशातील लाँच यादी. या व्याख्येतील दिवस आणि देश हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. ‘निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलबरोबर कोणते गेम आले?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये त्याच्यासोबत दोनच गेम होते, तर ऑगस्ट १९९१ मध्ये सुपर निन्टेन्डो या नावाने तोच कन्सोल अमेरिकेत आला तेव्हा त्याच्यासोबत पाच होते. देश आणि तारीख न लिहिता फिरणाऱ्या याद्या जवळजवळ नेहमी दोन-तीन प्रदेशांची सरमिसळ असतात, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एकाच यंत्राची यादी देशागणिक का बदलते?

सर्वांत मोठे कारण मधला काळ हे आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जपानी कन्सोल आधी जपानमध्ये, मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अमेरिकेत आणि त्याहूनही उशिरा युरोपात पोहोचत असे. या मधल्या काळात जपानमध्ये निघालेले गेम अमेरिकेच्या पहिल्या दिवशी आयते तयार असत. सुपर निन्टेन्डोचे उदाहरण इथे अगदी स्वच्छ आहे. जपानमधील दोन गेम म्हणजे सुपर मारिओ वर्ल्ड आणि एफ-झीरो. अमेरिकेतील पाच म्हणजे हेच दोन अधिक पायलटविंग्ज, ग्रेडियस ३ आणि सिमसिटी. यांतील पायलटविंग्ज आणि ग्रेडियस ३ जपानमध्ये डिसेंबर १९९० मध्ये, तर सिमसिटी एप्रिल १९९१ मध्ये निघाला होता. म्हणजे अमेरिकेची यादी ही जपानची यादी आणि त्यानंतरच्या नऊ महिन्यांतील निवडक माल यांची बेरीज होती.

दुसरे कारण आवडीनिवडीचे आणि तिसरे हक्कांचे. या दोहोंविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण एरवी केवळ तारखांची जंत्री वाटणारा हा विषय तिथेच खऱ्या अर्थाने रंगतो.

फॅमिकॉमचे पहिले गेम कोणते, आणि अमेरिकेत ते का दिसत नाहीत?

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीस आला. सोबत तीन गेम होते: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पॉपाय. तिन्ही आधीच आर्केडमध्ये लोकप्रिय झालेले होते. आर्केडमध्ये नाणी टाकून खेळायचा डाँकी काँग आता घरच्या टीव्हीवर, जवळजवळ तसाच, खेळता येतो हीच त्या यंत्राची पहिली जाहिरात होती. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की, कार्ट्रिजमधील स्मृतीच्या मर्यादेमुळे आर्केडमधील गेमच्या चार टप्प्यांपैकी एक घरगुती आवृत्तीत गाळला गेला होता. योगायोग असा की, सेगाचा एसजी-१००० हा पहिला घरगुती कन्सोलही जपानमध्ये त्याच दिवशी विक्रीस आला.

अमेरिकेत मात्र हाच कन्सोल निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे एनईएस, या नावाने ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या चाचणी बाजारात उतरला, तोवर सव्वादोन वर्षे लोटली होती आणि व्हिडिओ गेमच्या बाजारातील १९८३ च्या घसरणीनंतर तिथल्या दुकानदारांना व्हिडिओ गेम हा शब्दही नकोसा झाला होता. त्यामुळे निन्टेन्डोने यंत्राला खेळण्याचे रूप दिले. रॉब नावाचा छोटा यंत्रमानव आणि झॅपर नावाची प्रकाशबंदूक सोबत देऊन जायरोमाइट आणि डक हंट हे दोन गेम संचातच घातले, आणि न विकलेला माल परत घेण्याची हमी दुकानदारांना दिली. त्या यादीत स्टॅक-अप, होगन्स ॲली, वाइल्ड गनमॅन, एक्साइटबाइक, आइस क्लायंबर, कुंग फू, क्लू क्लू लँड, रेकिंग क्रू, तसेच बेसबॉल, टेनिस, गोल्फ आणि पिनबॉल यांसारखे साध्या नावांचे गेम दिसतात. स्टॅक-अप आणि जायरोमाइट रॉबसाठी होते, तर वाइल्ड गनमॅन आणि होगन्स ॲली बंदुकीसाठी. यंत्राची विक्री ज्या जोडसाधनांच्या बळावर करायची ठरली होती, त्यांना काम पुरवणे ही त्या यादीची पहिली गरज होती. जपानमधील पहिल्या दिवसाचे ते तीन आर्केड गेम अमेरिकी ग्राहकाला एनईएसवर १९८६ मध्ये मिळाले.

घाईची एक खूणही त्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये सापडते. जायरोमाइटच्या सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये जपानी फॅमिकॉमची ६० पिनांची सर्किट-पाटी आणि तिला अमेरिकी यंत्राच्या ७२ पिनांशी जोडणारा अडॅप्टर एकाच आवरणात बसवलेला असे. जुनी कार्ट्रिजे जमवणारे लोक अशा प्रती वजनावरून ओळखण्याचा प्रयत्न करतात.

सुपर मारिओ ब्रदर्स हा अमेरिकेत पहिल्या दिवशी होता का?

जपानमध्ये हा गेम १३ सप्टेंबर १९८५ रोजी निघाला, याविषयी वाद नाही. अमेरिकेतील तारखेबद्दल मात्र आहे. निन्टेन्डो ती ऑक्टोबर १९८५ अशी सांगते, परंतु त्या काळच्या जाहिराती, बातम्या आणि नंतरच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत आणि काही अभ्यासक हा गेम थोड्या उशिराने पोहोचला असे मानतात. वादाचे मूळ समजण्यासारखे आहे. त्या काळी देशभर एकाच दिवशी एखादा गेम विक्रीस आणण्याची पद्धत अमेरिकेत रुळलेली नव्हती. माल गोदामातून निघे, दुकानात पोहोचे आणि दुकानदाराला सवड मिळेल तेव्हा फळीवर येई. शिवाय न्यूयॉर्कनंतर लॉस एंजेलिस १९८६ च्या सुरुवातीस आणि संपूर्ण देश त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, अशा टप्प्यांनी यंत्र पसरले. म्हणून एनईएसच्या बाबतीत ‘न्यूयॉर्कची यादी’ आणि ‘देशव्यापी यादी’ असे वेगळे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

माहजाँगचे गेम फक्त जपानी याद्यांतच का दिसतात?

कारण माहजाँग हा चौकोनी सोंगट्यांचा खेळ तिथे घरोघरी आणि क्लबांत खेळला जातो, आणि नवे यंत्र महाग असताना ते विकत घेण्याची ऐपत असलेल्या प्रौढ ग्राहकाला त्याच्या ओळखीचा एखादा खेळ देणे दुकानदाराच्या आणि निर्मात्याच्या हिताचे असते. गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आला तेव्हा सोबत सुपर मारिओ लँड, ॲलीवे, बेसबॉल आणि याकुमान असे चार गेम होते. याकुमान हा माहजाँगचा गेम होता आणि तो अमेरिकेत गेलाच नाही. तिथे ३१ जुलै १९८९ च्या यादीत त्याच्याऐवजी टेनिस आणि टेट्रिस हे दोन गेम आले. टेट्रिस तर यंत्राच्या खोक्यातच होता.

हा बदल मला या संपूर्ण विषयातील सर्वांत निर्णायक वाटतो. जपानमध्ये टेट्रिस जूनमध्ये, म्हणजे यंत्रानंतर सुमारे दोन महिन्यांनी, स्वतंत्र विकत घ्यावा लागला. अमेरिकेत मात्र गेम बॉय घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो पहिल्याच दिवशी पडला. टेट्रिसचे हक्क मिळवण्यासाठी धडपडलेले हेंक रॉजर्स यांनी निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना हे पटवून दिले होते की, मारिओमुळे मुले यंत्र घेतील, पण टेट्रिसमुळे ते सर्व वयाचे लोक घेतील. नंतरच्या विक्रीने हा अंदाज खरा ठरवला.

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या आणि सेगा सॅटर्नच्या जपानी याद्यांतही माहजाँग आहे. निन्टेन्डो ६४ च्या जपानी यादीत त्याची जागा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, घेते. २३ जून १९९६ च्या त्या यादीत सुपर मारिओ ६४, पायलटविंग्ज ६४ आणि साइक्यो हाबू शोगी असे अवघे तीन गेम होते. योशिहारू हाबू यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत शोगीतील सातही प्रमुख किताब एकाच वेळी आपल्याकडे असण्याचा पराक्रम केला होता, त्यामुळे त्यांच्या नावाचा गेम त्या क्षणी जपानमध्ये किती समयोचित होता हे लक्षात येते. अमेरिकेत सप्टेंबर १९९६ मध्ये शोगी वगळून दोनच गेम उरले. याउलट युरोपात १ मार्च १९९७ रोजी, मधल्या काळात तयार झालेल्या स्टार वॉर्स: शॅडोज ऑफ द एम्पायरसारख्या गेमची भर पडली होती.

एकच गेम दोन याद्यांत वेगवेगळ्या नावांनी येतो, तो कसा?

इथे हक्कांचा प्रश्न येतो. सेगाचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल जपानमध्ये २९ ऑक्टोबर १९८८ रोजी स्पेस हॅरियर २ आणि सुपर थंडर ब्लेड या दोनच गेमसह आला. हे दोन्ही सेगाच्या स्वतःच्या आर्केड गेमचे पुढचे भाग होते. त्याच्या आधी अवघ्या सहा दिवसांवर, २३ ऑक्टोबरला, फॅमिकॉमवर सुपर मारिओ ब्रदर्स ३ निघाला होता आणि वर्तमानपत्रांपासून शाळांच्या मैदानांपर्यंत चर्चा त्याचीच होती. अमेरिकेत हे यंत्र जेनेसिस या नावाने १४ ऑगस्ट १९८९ रोजी आधी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये आले तेव्हा यादी सहा गेमची झाली: खोक्यातच दिलेला आल्टर्ड बीस्ट, वरील दोन, थंडर फोर्स २, टॉमी लासोर्डा बेसबॉल आणि लास्ट बॅटल.

यांतील लास्ट बॅटल हा जपानमध्ये होकुतो नो केन या गाजलेल्या चित्रकथेवर आधारलेला गेम होता. अमेरिकेत त्या कथेचे हक्क सोबत नसल्याने पात्रांची नावे बदलली गेली आणि रक्तपात सौम्य केला गेला. मूळ कथा माहीत असलेल्या जपानी मुलाला जो प्रसंग कळत होता, तो अमेरिकी मुलाला निव्वळ अनोळखी माणसांची मारामारी म्हणून दिसला. टॉमी लासोर्डा बेसबॉलच्या बाबतीत उलटे घडले. जपानमधील सुपर लीग या गेमला लॉस एंजेलिस डॉजर्सच्या प्रसिद्ध व्यवस्थापकाचे नाव देऊन तो अमेरिकी करण्यात आला.

पीसी इंजिनची कथा याहून विलक्षण आहे. हे यंत्र जपानमध्ये ३० ऑक्टोबर १९८७ रोजी शांघाय आणि बिक्कुरीमान वर्ल्ड या दोन गेमसह आले. बिक्कुरीमान म्हणजे जपानी मुलांनी वेड्यासारखे जमवलेले, चॉकलेटच्या वेफरसोबत मिळणारे स्टिकर. आणि गेम म्हणजे वंडर बॉय इन मॉन्स्टर लँडच त्या पात्रांच्या वेशात. अमेरिकेत ऑगस्ट १९८९ मध्ये टर्बोग्राफ्स-१६ या नावाने यंत्र गेले तेव्हा ते स्टिकर कुणालाच माहीत नव्हते. खोक्यात कीथ करेज इन आल्फा झोन्स हा गेम ठेवण्यात आला. हाही मुळात माशिन एइयूदेन वातारू या जपानी दूरचित्रवाणी मालिकेवरचा, आणि तिचीही अमेरिकेत ओळख नव्हती. शेजारच्या फळीवर, दोन आठवडे आधीच आलेल्या जेनेसिसचा आल्टर्ड बीस्ट मोठ्या आकाराच्या पात्रांनिशी आर्केडसारखा दिसत होता. त्या स्पर्धेत टर्बोग्राफ्स मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, तरी पहिल्या गेमची ही निवड त्यांत गणावीच लागते.

खोक्यात दिलेला गेम यादीत धरायचा का?

धरायचा, परंतु तशी नोंद करूनच. सोबत मिळणारा गेम ग्राहक निवडत नाही, म्हणून त्याच्या प्रतींचा आकडा लोकप्रियतेचा पुरावा होत नाही. त्याचबरोबर, त्या प्रदेशातील जवळजवळ प्रत्येक खेळाडूची पहिली आठवण तोच गेम असतो, त्यामुळे तो वगळलेली यादी अपुरी ठरते. यंत्राच्या आतच साठवलेले गेम मात्र वेगळे ठेवावेत. सेगा मास्टर सिस्टिमच्या सुरुवातीच्या यंत्रांत कार्ट्रिज न लावता विशिष्ट बटणे दाबली की गोगलगायीच्या भुलभुलैयाचा एक लपलेला गेम सुरू होत असे. तो दुकानात कधीच विकला गेला नाही.

सेगा सॅटर्नची अमेरिकेतील यादी इतकी वादग्रस्त का आहे?

कारण ती ठरलेल्या वेळेच्या जवळजवळ चार महिने आधी लागू झाली. जपानमध्ये २२ नोव्हेंबर १९९४ रोजी सॅटर्न पाच गेमसह आला होता, आणि त्यांतील व्हर्च्युआ फायटर इतका मागणीचा होता की, बहुतेक ग्राहक यंत्रासोबत तोच उचलत. अमेरिकेसाठी २ सप्टेंबर १९९५ हा शनिवार जाहीर झाला होता. परंतु ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिस येथे भरलेल्या ई३ या व्हिडिओ गेम उद्योगाच्या पहिल्या प्रदर्शनात सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के यांनी यंत्र आजपासूनच ३९९ डॉलरला निवडक दुकानांत उपलब्ध असल्याचे सांगितले. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर जाहीर केली.

घाईचा परिणाम यादीवर सरळ उमटला. व्हर्च्युआ फायटर, डेटोना यूएसए, पँझर ड्रॅगून, क्लॉकवर्क नाइट, वर्ल्डवाइड सॉकर आणि पेबल बीच गोल्फ लिंक्स, असे सारे गेम सेगानेच प्रकाशित केलेले होते. इतर प्रकाशकांनी आपले गेम सप्टेंबरच्या हिशोबाने तयार करायला घेतले होते. त्यांना या निर्णयाची पूर्वकल्पना नव्हती, आणि त्यामुळे उन्हाळाभर दुकानांत नवे गेम फारसे आलेच नाहीत. ज्या साखळी दुकानांना पहिल्या खेपेतून वगळले गेले, त्यांतील एकीने पुढे सॅटर्न विकण्यासच नकार दिला. गेम म्हणून पाहता पँझर ड्रॅगून त्या वर्षातील अतिशय देखण्या कामांपैकी एक आहे, आणि त्याला मिळायला हवा होता तेवढा प्रेक्षक या घाईत मिळाला नाही, याचे वाईट वाटते.

प्लेस्टेशनच्या तीन प्रदेशांतील याद्यांत मुख्य फरक कोणता?

जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी नामकोच्या रिज रेसरने यंत्राची ताकद दाखवली. त्याच्या जोडीला मालवाहू रेल्वे आणि शहरे उभारण्याचा ए-ट्रेन मालिकेतील गेम, पॅरोडियस आणि माहजाँग अशी मिश्र मंडळी होती. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९५ रोजी रिज रेसरसोबत बॅटल अरीना तोशिंदेन, रेमन, एअर कॉम्बॅट, एनबीए जॅम यांसारखे गेम आल्याने यादी बरीच मोठी झाली. युरोपात २९ सप्टेंबरला वाइपआउट आला. तो लिव्हरपूलच्या सिग्नोसिस या कंपनीने तयार केला होता, जी सोनीने १९९३ मध्येच विकत घेतली होती. त्यात ब्रिटनमधील नृत्यसंगीताचा आणि ग्राफिक डिझाइनचा बाज इतका पक्का होता की, तिथल्या तरुणांना प्लेस्टेशन हे आपल्याकडचेच यंत्र वाटले. युरोपला इतर दोघांकडून उरलेले गेम मिळत, ही जुनी तक्रार या एका गेमपुरती तरी लागू होत नाही.

युरोपीय आवृत्त्या संथ चालत, हे खरे आहे का?

पुष्कळदा खरे आहे. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करीत, तर युरोपातील पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. नीट जुळवून न घेतलेला गेम त्यामुळे सुमारे १७ टक्के संथ चाले आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत. म्हणून यादीत एकच नाव असले तरी ओसाकातील आणि लंडनमधील खेळाडूचा अनुभव सारखा नव्हता.

सेगाच्या ड्रीमकास्टची अमेरिकी यादी सर्वोत्तम मानली जाते, ती योग्य आहे का?

माझ्या मते योग्य आहे, आणि ती जपानच्या यादीशेजारी ठेवली म्हणजे अधिकच पटते. २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये व्हर्च्युआ फायटर ३टीबी, गॉडझिला जनरेशन्स, पेन पेन ट्रायआइसलॉन आणि जुलाय असे चारच गेम होते. सॉनिक ॲडव्हेंचर डिसेंबरच्या अखेरीस आला आणि यंत्रांचाही तुटवडा होता. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ही तारीख ठरवताना सेगाने हे लक्षात ठेवले. दहा महिन्यांत तयार झालेल्या गेमपैकी दीड डझनाहून अधिक गेम पहिल्या दिवशी दुकानात होते, आणि त्यांत सॉनिक ॲडव्हेंचर, सोलकॅलिबर आणि अमेरिकी फुटबॉलचा एनएफएल २के असे तीन वेगळ्या रुचींचे भक्कम गेम होते. केवळ एका गेमच्या उंचीवर निकाल लावायचा असेल, तर सुपर मारिओ ६४ मुळे निन्टेन्डो ६४ पुढे जाईल. परंतु यादी म्हणून ड्रीमकास्टच सरस आहे.

भारतात, महाराष्ट्रात अशा याद्या होत्या का?

ज्या अर्थाने जपान किंवा अमेरिकेत होत्या, त्या अर्थाने नव्हत्या. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यातल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे आले ते बहुतांश फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि अनेक गेम एकत्र भरलेली ‘कॅसेट’ हेच त्यांचे खाद्य होते. त्यामुळे १९८३ चा डाँकी काँग, १९८५ चा सुपर मारिओ आणि १९८८ चा काँट्रा आपल्याकडच्या मुलांना एकाच संध्याकाळी, एकाच पडद्यावरील यादीतून भेटले. जपानमध्ये त्यांच्यामध्ये पाच वर्षांचे अंतर होते, हे पुढे वाचनातूनच कळले. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडी या नकलेचीही गोष्ट अशीच आहे. दक्षिण कोरियात मात्र ह्युंदाईने एनईएस कॉमबॉय नावाने आणि सॅमसंगने सेगाची यंत्रे आपल्या नावाने अधिकृतपणे विकली.

एखादी लाँच यादी विश्वासार्ह आहे की नाही, हे कसे तपासावे?

प्रथम देश आणि तारीख लिहिली आहे का ते पाहावे, आणि ती तारीख चाचणी बाजाराची आहे की देशव्यापी विक्रीची, हेही पाहावे. मग प्रत्येक गेमची त्या देशातील तारीख स्वतंत्रपणे पडताळावी, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत आलेले गेम पहिल्या दिवशीच्या यादीत घुसवण्याची सवय फार जुनी आहे. गेमच्या आवरणावर छापलेले वर्ष कामाला येत नाही, कारण ते बहुधा हक्कांचे वर्ष असते आणि मूळ जपानी किंवा आर्केड आवृत्तीचेही असू शकते. त्या आठवड्यातील दुकानांच्या छापील जाहिराती हा अधिक चांगला पुरावा ठरतो, मात्र जाहिरातीत ‘लवकरच येत आहे’ असे लिहिलेला गेम मोजू नये. यादी स्वतः तयार करीत असाल, तर वादग्रस्त नोंदी खोडून टाकण्यापेक्षा वेगळ्या रकान्यात, दोन्ही बाजूंच्या तारखांसह ठेवाव्यात.